डाव्या हातावरची कोरी जागा

आमच्या ऑफिसात पेंटरच्या शर्टाच्या बाह्यांवर पैज लागलेली होती. नागपूरच्या मे महिन्यात, खिडकीतल्या खसच्या ताट्या वाळून खडखडत असताना, हा माणूस लांब बाह्यांचा शर्ट घालून आणि मनगटाची दोन्ही बटणं लावून बसत असे. त्यांना बाही वर करायला लावील त्याला कंपोझिंग खात्यानं चहा-समोसा द्यायचा, अशी पैज. मी नोकरीला लागलो त्याच्याही आधीची ती होती. एकदा एकानं त्यांच्या बाहीवर मुद्दाम शाई सांडली. पेंटर नळावर गेले, शर्टाची बाही हातासकट पाण्याखाली धरली, धुतली आणि तशीच ओली घेऊन परत येऊन बसले.

ते आमच्या दैनिकाचे आर्टिस्ट होते. जाहिरातींतली चित्रं, पुरवणीतल्या कथांची चित्रं, मोठ्या मथळ्यांची अक्षरं, सगळं त्यांच्याकडं. हा काळ एकोणीसशे सत्तरच्या आगेमागेचा. तेव्हा चित्राचा जस्ताचा ब्लॉक करून तो छापावा लागे, त्यामुळं त्यांचं टेबल ब्लॉक खात्याच्या दाराशी, अॅसिडच्या वासात होतं. वय पन्नाशीच्या आत. लग्न केलेलं नव्हतं. इतवारीत एका पिठाच्या चक्कीमागं एक खोली होती, तिथं ते राहत. चक्की सुरू असली की भिंतीवरचा आरसा थरथरे आणि दाढी करता येत नसे, म्हणून ते पहाटे दाढी करत. ही माहिती त्यांनी स्वतः दिलेली नाही. स्वतःबद्दल ते काही सांगत नसत.

त्यांचा एक प्रश्न ऑफिसात प्रसिद्ध होता. "कोणाचं आहे?"

कोणी विनोद सांगितला की ते हसण्याआधी विचारत, "कोणाचा आहे?" सांगणारा गडबडे. फोरमननं एकदा वैतागून म्हटलं, "माह्या सासऱ्याचा आहे, बस? आता हसून घ्या एकदाचं." मग ते हसले. पुढं तोच विनोद त्यांनी मला सांगितला, पण सुरुवात अशी केली, "आपल्या फोरमनचे सासरे आहेत न, काटोलचे, त्यायचा आहे हा." ते सासरे वारल्यावरही ते काटोलच्या सासऱ्यांचं नाव घेऊनच तो सांगत. विनोद तसा साधारणच होता.

एका बँकेच्या कॅलेंडरसाठी आदिवासी नाच काढून मागितला होता. पेंटरनी मोहाच्या झाडाला टेकवून ठेवलेले चार ढोल काढले. माणूस एकही नाही. जाहिरात व्यवस्थापक चित्र घेऊन त्यांच्या टेबलाशी आले.

"नाचणारे कुठं आहेत, पेंटर?"

"त्यायले बोलावलं होतं का कोणी?"

"अहो, चित्रात बोलवायला काय पत्रिका द्यावी लागते?"

"नाच त्यायचा आहे. मी पाहिला नाही. न पाहिलेलं कुठून काढू?"

शेवटी ते चित्र बाहेरच्या माणसाकडून काढून घेतलं गेलं. त्यात नाचणाऱ्या बायकांच्या अंगावर दागिने फार होते.

याचा अर्थ ते नेहमी बरोबर असत असा नाही. संपादकांच्या पत्नी एकदा आरसे जडवलेली, लाल-पिवळ्या दोऱ्यांची चोळी घालून ऑफिसात आल्या. पेंटरनी सगळ्यांदेखत विचारलं, "हे कोणाचं आहे जी?" स्वर बोचरा होता. त्या बाई शांतपणे म्हणाल्या, "उमरेडच्या रस्त्यावर तांडा आहे. तिथल्या बाईनं माझ्यासाठी शिवली. तिच्या मुलीच्या बाळंतपणात मी चार दिवस तिच्याकडं जाऊन होते." मग त्यांनी त्या बाईचं नाव सांगितलं. पेंटर खुर्चीवरून उठले आणि त्यांनी हात जोडले. 

पैज कोणीच जिंकलं नाही. बाही फाडावी लागली ती अपघातानं. ब्लॉक खात्यातला अॅसिडचा ट्रे कलंडला आणि त्यांच्या उजव्या हातावर शिंतोडे उडाले. ब्लॉकमेकरनं क्षणाचा विचार न करता बाही खांद्यापासून ओढून काढली आणि हातावर बादली रिकामी केली. हात फारसा भाजला नव्हता. पण सगळे पाहतच राहिले. मनगटापासून कोपरापर्यंत हिरवं गोंदण होतं. विंचू, तुळस, चूल, ठिपक्यांच्या ओळी. आमच्याकडं पुरुष फार तर हातावर नाव किंवा देव गोंदवून घेतात. हे सगळं बायकांच्या हातावरचं होतं.

"काय बाप्पा," एक कंपोझिटर म्हणाला, "आता पायात पैंजणं बी घाला, पेंटर."

"बांगड्या राहिल्या न गा," दुसरा म्हणाला.

पेंटरनी हात कोरडा केला, फाटकी बाही पिनेनं जोडली आणि अर्धवट राहिलेली साबणाची जाहिरात पूर्ण केली. दुसऱ्या दिवशी नवा शर्ट होता. बटणं लावलेली.

सुट्टीच्या बाबतीतही त्यांचं वेगळं होतं. सगळ्यांना आठवड्याची सुट्टी रविवारी हवी असे. त्यांनी पारशिवनीच्या बाजाराचा वार मागून घेतला होता. त्या दिवशी पहाटेच्या एस.टी.नं ते जात आणि दिवेलागणीला परत येत. तिथं त्यांची कोणी बाई आहे, असं ऑफिसात बोललं जाई. बाई होती, हे खरं होतं.

हे मला कळलं ते त्यांच्या आजारपणात. त्या वर्षी दिवाळी अंकाचं काम माझ्याकडं होतं. मी नवा होतो आणि अंक देखणा निघावा अशी मला फार घाई होती. ऐन वेळी पेंटरना मलेरिया झाला. शीर्षकांची चित्रं न्यायला मी इतवारीच्या खोलीवर गेलो. चक्की सुरू होती. ते घोंगडीत गुंडाळून पडले होते आणि तापात एरवीपेक्षा जास्त बोलत होते. त्या दिवशी त्यांनी मला एक लाल कापडाच्या पुठ्ठ्याची वही दाखवली. इतर कोणाला त्यांनी ती दाखवल्याचं माझ्या ऐकण्यात नाही.

वहीत गोंदणाच्या आकृत्या होत्या. प्रत्येक आकृतीखाली बारीक अक्षरात लिहिलेलं होतं : कोणाच्या हातावरची, गाव कोणतं, कोणी गोंदलं, कितव्या वर्षी, आणि रडली की नाही.

पारशिवनीला बाजाराशेजारी एक गोंदणारी बाई राहत होती. बाजाराला आलेल्या आजूबाजूच्या खेड्यांतल्या बाया तिच्या अंगणात येऊन गोंदवून घेत. पेंटर पहिल्यांदा तिथं गेले ते बाजाराची चित्रं काढायला. एका बाईच्या दंडावरचा मोर ते दुरून वहीत उतरवत होते. गोंदणारीनं येऊन त्यांच्या हातातली पेन्सिल काढून घेतली.

"काय करून राहिला गा?"

"चित्र काढतो."

"दुखलं तिले. अन् नेतं तू? फुकटात?" मग तिनं खाली बोट दाखवलं. "बस. हात दे. दुखल्याशिवाय मी कोणाले देत नाही."

ते बसले. तिनं मनगटावर सहा ठिपके टाकले. वहीच्या पहिल्या पानावर ते सहा ठिपके होते आणि खाली लिहिलं होतं, "मी. वय अडतीस. रडलो." पुढच्या बाजाराला ते परत गेले. त्यानंतर सात वर्षं जात राहिले. आकृती आधी स्वतःच्या हातावर घ्यायची, मग वहीत, असा नियम ठरून गेला. उजवा हात भरला तेव्हा डावा सुरू झाला.

"पाहुण्याले ते बाई खाट देते," पेंटर मला म्हणाले, "मले गोणपाट. खाली, तिच्या बाजूले. घरच्याले गोणपाट." हे सांगताना ते हसले. तापामुळं त्यांचे ओठ फुटले होते.

वहीत एकच आकृती अशी होती जी त्यांच्या हातावर नव्हती. एक झाड. मध्ये खोड, दोन्ही बाजूंना सात-सात फांद्या आणि प्रत्येक फांदीच्या टोकाला ठिपका. गोंदणारीच्या आईनं आपल्या दोन मुलींच्या हातांवर ते अर्धं अर्धं गोंदलं होतं. थोरलीच्या उजव्या हातावर डाव्या फांद्या, धाकटीच्या डाव्या हातावर उजव्या. दोघींनी हात जुळवले की झाड पुरं होई. धाकटी लग्नाआधीच तापानं गेली. मेल्यावर दागिने मागं राहतात, गोंदण तेवढं बरोबर जातं, असं त्या बाया मानतात. त्यामुळं अर्धं झाड गेलं होतं. थोरलीनं, म्हणजे या गोंदणारीनं, एका दुपारी पेंटरना आपला हात दाखवला आणि बहिणीच्या वाटणीच्या फांद्या बोटानं धुळीत काढून दाखवल्या. त्यांनी दोन्ही अर्धे वहीत जोडून घेतले. खाली लिहिलं, "आईनं गोंदलं. रडली नाही. दुसऱ्या कोणाले नाही."

हे शेवटचे शब्द मी वाचले होते.

मग पेंटरनी डावी बाही वर केली. हात भरत आला होता. फक्त मनगटाच्या वर, वीतभर लांबीची जागा रिकामी होती. ती त्यांनी चार वर्षं सोडून ठेवली होती. बहिणीच्या वाटणीचं अर्धं तिथं टाकून दे, असं त्यांनी बाईला एकदाच म्हटलं होतं. ती बरेच दिवस काही बोलली नाही. मागच्या बाजाराला आपण होऊन म्हणाली, "पाहू. दिवाळी होऊन जाऊ दे. मंग येजो."

"दिवाळी होऊन जाऊ दे म्हणे," पेंटर पुन्हा म्हणाले आणि बाही खाली करून बटण लावलं. अंगात ताप असतानाही.

दुसऱ्या दिवशी मी उरलेल्या चित्रांसाठी गेलो तेव्हा ते झोपले होते. चित्रं टेबलावर होती, वही उशाशी. मी दोन्ही घेतली. वही तिसऱ्या दिवशी परत ठेवली, तेव्हाही ते झोपले होते. मधल्या वेळात ब्लॉकमेकरनं झाडाचा ब्लॉक केला. माझ्या मनात जे होतं ते लिहितो : इतकी सुंदर गोष्ट एका वहीत पडून राहू नये, लोकांपुढं यावी, असं मला वाटलं. दुसरं असं की माझा अंक त्या झाडानं उठून दिसणार होता. या दोहोंपैकी पहिलं कारण मी इतरांना सांगत असे.

दिवाळी अंकाच्या प्रत्येक लेखाच्या माथ्यावर ते झाड छापलं गेलं. पहिल्या पानावर मी एक ओळ टाकली, "सजावट : विदर्भातील लोककलेचा नमुना." अंकाचं कौतुक झालं. सजावटीचं विशेष.

पेंटर कामावर आले तेव्हा अंक बाजारात गेलेला होता. त्यांनी तो उभ्यानंच चाळला, शेवटपर्यंत. मग पहिल्या पानावर परत आले.

"लोक म्हणजे कोण?" त्यांनी विचारलं.

मी म्हणालो, नाव द्यायला हवं होतं, चूक झाली. पण कोणाचं नुकसान तर झालेलं नाही. आणि पारशिवनीच्या त्या बाईला हे कुठं कळणार आहे?

"तिले नाहीच कळनार," ते म्हणाले. "म्हणून तर जावं लागते." अंक मिटून म्हणाले, "उद्या बाजार आहे. तूही चाल."

फोरमनकडून त्यांनी ब्लॉक मागून घेतला. फोरमननं दिला. छापून झालेल्या ब्लॉकची कोणाला गरज नव्हती.

एस.टी.त ते खिडकीशी बसले. मांडीवर पिशवी होती, पिशवीत अंक आणि कागदात गुंडाळलेला ब्लॉक. दिवाळी होऊन गेली होती.

गोंदणारी कडुलिंबाखाली बसली होती. पन्नाशीची, बारीक अंगाची बाई. पेंटरना पाहताच तिनं हाक मारली. "बिमार होता म्हणे गा? किती सुकला. काही खात जा न." मला तिनं खाट दाखवली. त्यांच्यासाठी गोणपाट आपल्या बाजूला सरकवलं. मी खाटेवर बसलो, ते गोणपाटावर. तिच्या जवळ सुयांचा जुडगा आणि काजळीची वाटी मांडून ठेवलेली होती. काजळी ताजी होती.

"आण हात," ती म्हणाली. "डावा."

पेंटरनी हात दिला नाही. त्यांनी पिशवीतून अंक काढला, झाडाचं पान उघडलं आणि तिच्यापुढं जमिनीवर ठेवलं. ब्लॉकही कागदातून सोडवून शेजारी ठेवला.

"तू नाही म्हटलं होतं," ते म्हणाले. "छापलं."

कोणी छापलं ते त्यांनी सांगितलं नाही. मी माझं नाव येण्याची वाट पाहत होतो. ते आलं नाही. मी सांगू शकलो असतो. खाट तिच्यापासून चार हातांवर होती, माझा आवाज सहज पोहोचला असता. मी बोललो नाही.

बाईनं पान उलटलं. पुढच्या लेखावर झाड होतं. त्याच्या पुढच्यावरही. ती उलटत गेली. एका ठिकाणी झाडाखालीच केसांच्या तेलाची जाहिरात होती, तिथं ती थांबली. तिनं उजव्या बाजूच्या फांद्यांवर बोट ठेवलं, बहिणीच्या.

"हे कोणाले दुखलं?"

"कोणाले नाही," पेंटर म्हणाले.

तिनं मान हलवली. ब्लॉक उचलून हातात तोलला आणि परत ठेवला. "हे न्या. याचं मी काय करू?" मग तिनं उजव्या हातावरून पदर ओढून घेतला, मनगटापर्यंत. सुयांचा जुडगा फडक्यात बांधला. उभी राहिली.

"खाली काहून बसले जी?" ती पेंटरना म्हणाली. आवाजात राग नव्हता. "वर बसा साहेब, पाहुण्याजवळ. कपडे मळतीन."

 पेंटर उठले, पायजमा झटकला आणि खाटेवर माझ्या शेजारी बसले. ती घरात गेली. गोणपाट घडी करून बरोबर नेलं. थोड्या वेळानं आम्हा दोघांसाठी कपबशीतून चहा आला. बशा शेजारच्या घरातून आणल्या असाव्यात, दोन्हींचे काठ वेगळे होते. चहा संपेपर्यंत ती उभी होती, जसं पाहुण्यांसमोर उभं राहतात.

परतीच्या बसमध्ये मी म्हणालो, "तुम्ही माझं नाव का सांगितलं नाही?"

"वही माही होती," ते म्हणाले. 

त्यांनी नोकरी सोडली नाही. माझ्याशी वागणंही बदललं नाही, काम दिलं की करत. सुट्टी मात्र त्यांनी रविवारी मागून घेतली. ज्याचा रविवार गेला तो मुद्रितशोधक महिनाभर कुरकुरत होता. रविवारी ते ऑफिसातच येऊन बसत. घरी चक्कीचा आवाज होतो, असं सांगत. रविवारी चक्की बंद असते हे सगळ्यांना माहीत होतं. दोन्ही हात टेबलावर ठेवून ते बसत. काही काढत नसत. चहावाला आला की एक कप घेत आणि कप परत करताना त्याला घरचं विचारत. चहावाल्याला घाई असे.

झाड पुढं पुष्कळ फिरलं. ब्लॉक पेंटरच्या पेटीत होता, पण अंक तर घरोघरी गेलेला होता. लग्नपत्रिका छापणाऱ्यांनी ते उतरवून घेतलं. मग ते सीताबर्डीत एका दुकानात पडद्यांच्या कापडावर दिसलं. एका उपाहारगृहाच्या पाटीवर आलं, तिथं फांद्या सातऐवजी पाच होत्या. एका कंपोझिटरच्या मुलीच्या लग्नात मांडवाच्या कमानीवर थर्मोकोलचं झाड होतं.

"पेंटर, तुमचं झाड जोरात आहे गा," तो कौतुकानं म्हणाला.

"माहं नाही," पेंटर म्हणाले.

"मग कोणाचं?"

ते पंगतीकडं वळले. मला तेव्हा जाणवलं की ते स्वतः हा प्रश्न बरेच दिवसांत कोणाला विचारत नव्हते. विनोद सांगितला की सरळ हसत, किंवा हसत नसत. फोरमनच्या काटोलच्या सासऱ्यांचा विनोद नव्या पोरांनी आपला म्हणून सांगितला, तेव्हाही ते गप्प होते.

दैनिकात ऑफसेट छपाई आली, ब्लॉक खातं बंद झालं, अॅसिडचा वास गेला. पेंटरचं टेबल जिन्याखाली सरकवलं गेलं. निवृत्तीला काही महिने उरले असताना एका सकाळी चक्कीवाल्यानं ऑफिसात फोन केला. आम्ही दवाखान्यात पोहोचलो तेव्हा सगळं संपलेलं होतं. आम्ही चौघं होतो. नातेवाईक म्हणून सही कोणी करायची असा प्रश्न आला, ती मी केली.

सलाईन लावण्यासाठी नर्सनं त्यांची डावी बाही खांद्यापर्यंत वर सारलेली होती. बाकीच्या तिघांनी तो हात पहिल्यांदाच पाहिला. हिरवा रंग आता काळपट झाला होता. मनगटाच्या वर वीतभर जागा मोकळी होती, आणि तिच्या चारी बाजूंना आकृत्या इतक्या दाट होत्या की ती आखून सोडलेली आहे हे कोणालाही दिसावं.

"एवढं सगळं गोंदलं," ब्लॉकमेकर म्हणाला, "अन् इथंच कोरं काहून ठेवलं?"

तिघांनीही माझ्याकडं पाहिलं. मी त्यांच्यासोबत एकदा पारशिवनीला गेलो होतो, हे ऑफिसात माहीत होतं.

"राहून गेलं असेल," मी म्हणालो.

मग मी ती बाही खाली ओढली आणि मनगटाचं बटण लावलं.